घाटकोपर ते अंधेरी, मांडीवर टॅपेट कव्हर

आमच्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या काकू काश्मीरला जाऊन आल्या आणि तेव्हापासून नळावर दुसरा विषय नाही. शिकारा काय, सफरचंदं काय, काकांनी काकूंच्या पाठीवर बर्फाचा गोळा काय मारला! मी हंडा भरेपर्यंत ऐकून घेते. माझा प्रवास मात्र कुणी विचारला नाही, म्हणून इथे लिहिते आहे. घाटकोपर, कुर्ला, जोगेश्वरी, बोरिवली, अंधेरी, एवढाच मुलूख मी पाहिला. तोही नवरात्र-दसऱ्यात, नऊ दिवसांचा उपास धरून. त्यामुळे प्रवासवर्णनात जेवणाखाण्याचं जे वर्णन असायला हवं, ते इथे बरंचसं दुसऱ्यांच्या ताटातलं आहे. पण त्या दिवसांत मी जे पाहिलं ते काश्मीरात पाहायला मिळालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

घाटकोपर

आमचे हे गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडून तेव्हा तीन वर्षं होत आली होती. फंडाचे आले तेवढे पैसे आणि माझ्या पाटल्या घालून एक जुनी टॅक्सी घेतली. त्या वेळी रस्त्यावर दोनच जातीच्या गाड्या दिसायच्या, त्यातल्या लहान जातीची. टॅक्सी चालत होती म्हणून घर चालत होतं.

टॅक्सी दर वर्षी अंधेरीच्या सरकारी ऑफिसात तपासून घ्यावी लागते. त्याला पासिंग म्हणतात. तिथल्या साहेबांनी बॉनेट उघडलं, आत बोट फिरवलं आणि काळंभोर बोट यांच्यासमोर धरलं. "तेल गरम पाइपावर पडतंय. उद्या पेट घेतला तर पॅसेंजरचं काय? दसरा झाला की आणा. आणि तोपर्यंत मीटर पाडायचा नाही, एकही भाडं घ्यायचं नाही."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "ह्या खेपेक जमला नाय, तर गावाक जावया. अण्णाक पत्र धाडतंय."

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. गावी त्यांचं घर, त्यांची भातशेती, आणि आमच्या वाट्याला पडवी. आमची थोरली दहावीला, धाकटा सहावीत. मुलांच्या शाळा सोडवून त्या पडवीत जायचं, आणि यांनी उरलेला जन्म भावाच्या दारात मान खाली घालून बसायचं!

"मी खंयच जावचंय नाय," मी म्हटलं. "आधी माका दाखवा, तेल येता खंयसून."

त्यांनी दाखवलं. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं लांबट झाकण असतं, त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाची पातळ चौकट बसवतात, ते पॅकिंग. पॅकिंग गेलं की कडेने तेल पाझरतं. म्हणजे कुकरची रिंग! एवढ्यासाठी इतके महिने इंजिन, इंजिन म्हणून मला लांब ठेवलं होतं. रिंग गेली तर नवी रिंग आणायची, त्यात गावी जाण्यासारखं काय आहे?

"नवा पॅकिंग घातलंय दोनदा," हे म्हणाले. "नट आवळून आवळून हात दुखले. तरी गळताच."

दोन्ही वेळा यांनी पहिल्या दुकानात पहिलं दाखवलं ते घेतलं होतं. हे मला नंतर कळलं, पण संशय तेव्हाच आला. यांना बाजारात फसवायला फार हुशारी लागत नाही. म्हणून ठरवलं, ह्या वेळी मी बरोबर जायचं.

कुर्ला, अष्टमी

कुर्ल्याला जुन्या गाड्यांच्या सामानाची एक गल्लीच आहे. आपल्याकडे मासळीबाजारात जसे वाटे मांडतात तसे तिथे फुटपाथवर गाडीच्या अवयवांचे वाटे मांडलेले. कुठे नुसते दिवे, कुठे नुसते दरवाजे. बायका कुणीच नाहीत. मी एकटी, केसांत शेवंतीची वेणी घातलेली. सगळे वळून बघत होते आणि हे माझ्यापासून दोन पावलं लांब चालत होते.

दुकानदाराने खोक्यातून पॅकिंग काढलं. मी ते हातात घेऊन वाकवलं. पापड मोडावा तसा आवाज झाला आणि कोपरा हातात आला.

"अरे भाभी, तोड दिया ना!"

"तोडा नहीं, तुटा हुआ था," मी म्हटलं. "कब का माल है ये?"

त्याने दुसरं काढलं. ते वाकत होतं, पण दुकानातल्या आमच्यासारख्याच एका कव्हरवर धरलं तर अर्धं बोट आखूड. वर्षानुवर्षं खोक्यात पडून सुकलेलं. दुकानदार म्हणाला, खेचून बसतं, सगळे तसंच बसवतात. हे पाकीट काढायला लागले. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मासे घेताना मी कल्ला उघडून बघितल्याशिवाय टोपलीला हात लावत नाही, मग हे कसं घेऊ? दुकानदार वैतागला आणि माझी ब्याद टळावी म्हणूनच बहुतेक म्हणाला, "इतना नखरा है तो जोगेश्वरी जाओ. गुंफा के पीछे एक बुढ्ढा हाथ से काटता है."

त्याला वाटलं आम्ही जाणार नाही.

येताना यांना एका गाडीवर बळेच बसवून कांदाभजी खायला लावली. सकाळपासून चहावर होते. भजी कढईतून निघत होती, वर तळलेली मिरची, मीठ. मी बाजूला उभी राहून केळं सोललं. खरं सांगते, देवीला माझी तेवढीच परीक्षा घ्यायची असेल तर मी पास झाले.

जोगेश्वरी, नवमी

हाताने कापायचं तर कव्हर दाखवायला न्यायलाच हवं. यांनी सकाळी ते उतरवलं, उघड्या इंजिनावर माझ्या जुन्या साडीचं धुवट फडकं घातलं, आणि आम्ही बसने निघालो. कव्हर वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या मांडीवर. साकीनाक्यापर्यंत तेल कागदातून आलं. शेजारचे गृहस्थ पांढऱ्या सदऱ्यातले. सारखे आक्रसून बसत होते. शेवटी म्हणाले, "मावशी, कढई नेताय का?"

"हो, नैवेद्याची," मी म्हटलं. ते बिचारे उठून उभे राहिले. मला जागा ऐसपैस झाली.

गुंफेच्या मागच्या आळीत एका पत्र्याच्या शेडमध्ये तो म्हातारा बसला होता. डोक्यावर गोल टोपी, पांढरी दाढी. मी मनात हिंदीची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात त्याने विचारलं, "बाय, तुमी खंयच्या?"

तो दापोलीकडचा निघाला. मग काय! आमची देवगडची वाट त्याला ठाऊक, त्याच्या खाडीतल्या कालवांची कीर्ती मला ठाऊक. हे मात्र कव्हर हातात धरून ताटकळत उभे होते. म्हाताऱ्याने ते घेतलं, डोळ्यासमोर आडवं धरलं आणि त्याची कड बराच वेळ न्याहाळली.

"पॅकिंगचा काय दोष?" तो म्हणाला. "झाकणच वाकडा हाय. नटाच्या भोकाशी बगा, खड्डे पडलेत. कुनी आवळला?"

"मीच," हे म्हणाले.

"खूप आवळला."

"गिरणीत बोल्ट आवळूक लागतच. तिकडे सैल रवला तर मानूस मरता."

"तितं बिडाचा लोखंड. हितं पत्रा." म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. "बायच्या हातात कासार बांगडी कशी भरतो? जोर लावला तर फुटते. बोटानी आदी सगले नट टेकवायचे. मग समोरासमोरचे अर्दा-अर्दा आटा. बास."

यांची मान खाली गेली. इतकी वर्षं ज्या हाताच्या जोरावर घर चाललं, त्याच जोराने गाडी बिघडली, हे ऐकणं सोपं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण म्हातारा खरं बोलत होता आणि खऱ्याला आमची ना नाही.

काम तासाभराचं होतं. मी गुंफेत देवीच्या दर्शनाला गेले. आत थंडगार, काळोख, पाणी ठिबकतंय, आणि नवमीची बायकांची रांग. इथे ओटी भरताना तांदूळ थेट पदरात घालत होत्या, आमच्याकडे आधी सुपात घेतात. मी देवीला फार काही मागितलं नाही. म्हटलं, आई, एवढं तेल थांबव.

परत आले तर म्हाताऱ्याने कव्हर लोखंडी पाट्यावर उपडं घालून, भोकांभोवती हलके ठोके देऊन सपाट केलं होतं. बुचाच्या पत्र्यावर त्याची बाहेरची रेघ काढली, रापीने कापलं, आणि चौकट आमच्या हातात ठेवली. कोपरासुद्धा बिनचूक! मग बुचाच्या पत्र्याचा उरलेला अर्धा भाग गुंडाळून मला दिला.

"ह्यो कशाला?" हे म्हणाले.

"पैला कदी कदी हाताला शिकवायला जातो," म्हातारा म्हणाला. "दुसरा इंजनाला."

घाटकोपर, त्याच दिवशी

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची. साचे, म्हणजे कापड विणायचे माग, पुसून लख्ख करायचे, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. हे सांगत, त्या दिवशी खात्यात इतकी शांतता असे की चालताना स्वतःच्या चपलांचा आवाज यायचा. गिरणी बंद पडल्यापासून हे खंडेनवमीला सकाळीच घराबाहेर पडायचे आणि दिवेलागणीला यायचे. कुठे जात होते ते मी कधी विचारलं नाही.

ह्या वर्षी आमच्याकडे यंत्र होतं. पूजा करायचीच, असं मी ठरवलं होतं.

दुपारी यांनी इंजिनाची कड खरवडून पुसली, तिच्यावर चिकटा लावला, त्यावर पॅकिंग अलगद बसवलं. मग मधल्या उघड्या भागावर फडकं घालून, पाने आणि हातोडी गोणपाटावर ओळीने मांडून रॉकेलने हात धुवायला गेले, कारण तेलकट हात कुंकवाला लावायचा नसतो. तेवढ्यात मी ताट घेऊन आले. पान्यांना हळदकुंकू लावलं, चाकांना लावलं, इंजिनाला लावलं. आणि अक्षता टाकल्या. चिमूटभर नव्हे, नवरानवरीवर टाकतात तशा मूठभर, मनापासून.

हे आले. हात जोडले. बराच वेळ जोडूनच उभे होते. मग अक्षतांसकट फडकं उचललं, कडेवरच्या वरवर टिपल्या, कव्हर ठेवलं, आधी बोटांनी नट टेकवले, मग समोरासमोर अर्धा-अर्धा आटा. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. कड कोरडी ठणठणीत! चाळीतली मुलं जमली, नारळ फोडला. त्या संध्याकाळी देवनारच्या बाजूचा वारा होता, कचरा जळल्याचा वास येत होता, पण मला खोबऱ्याची चव अजून आठवते.

बोरिवली, दसरा

माझी धाकटी बहीण शालू बोरिवलीला राहते. तिला सोनं द्यायला जायचं आणि लांब पल्ल्यावर गाडीची परीक्षाही घ्यायची, असा बेत होता. मुलं चाळीतल्या कार्यक्रमात अडकलेली, म्हणून आम्ही दोघंच निघालो. पुढे झेंडूचा हार, शेजारच्या सीटवर मी. जोगेश्वरी मागे पडली तोवर हे चक्क गुणगुणत होते.

कांदिवलीच्या पुढे वास आला. यांनी तो न आल्यासारखं केलं. मग बॉनेटच्या फटीतून निळसर धूर दिसायला लागला.

शालूच्या बिल्डिंगच्या फाटकात गाडी थांबली. यांनी बॉनेट उघडलं, पाहिलं, आणि फुटपाथच्या कडेवर बसले. आपले दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"हात गेलो माझो," हे म्हणाले. "म्हाताऱ्यान सांगितल्यासारखा सगळा केलंय. तरी गळता. हातच रवलो नाय. उद्या अण्णाक पत्र टाकतंय."

आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती. गिरणीला कुलूप लागलं तेव्हासुद्धा मी यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. डिकीतून पाना काढला, पदर खोचला.

"तापला आसा, भाजशील!"

"भाजांदे."

थोडं निवू दिलं. मग एकेक नट मीच काढला. शालू खाली आली होती, डोक्याला हात लावून ओरडत होती, "ताई, अगं काय चाललंय तुझं! साडीची वाट लागली ना!" लागू दे. कव्हर उचललं. पॅकिंगची कड बोटाने चाचपत गेले. जन्मभर तांदूळ निवडलेल्या बाईचं बोट आहे, खडा डोळ्याआधी त्याला लागतो. पुढची कड गुळगुळीत. उजवी, डावी गुळगुळीत. मागच्या कोपऱ्याशी, जिथे अंधार असतो, तिथे बोट अडकलं.

बुचाला वरून लांबट खळगा पडला होता आणि तिथेच चीर गेली होती. खळग्यात काहीतरी तपकिरी, तळल्यासारखं. मी नखाने काढलं, तळहातावर घेतलं. दोन्ही टोकांना निमुळतं.

अक्षता होती. माझीच.

काही न बोलता तो दाणा मी गटारात टाकू शकले असते. पूजेने घात केला असं सणाच्या दिवशी कोण बोलेल? आणि चूक माझी, जी मी तीन दिवस यांना शहाणपण शिकवत फिरत होते! एक क्षण मूठ मिटली, हे लपवत नाही. मग फुटपाथवरचे ते दोन हात दिसले.

मी जाऊन त्यांच्या तळहातावर दाणा ठेवला. "तुमचो हात नाय गेलो. मी घातलंय ह्या. काल पूजेक टाकलंय ता कव्हराखाली गेला."

यांनी दाणा उजेडाला धरून पाहिला. मग उठले, इंजिनावर वाकले आणि कडेवर बोट फिरवलं, सगळीकडून. "बाकी सगळी कड सुकी," हळूच म्हणाले. पुन्हा फिरवलं. "सगळी सुकी आसा गो! ह्या एक ठिकाण सोडल्यास थेंब नाय!" त्यांचा चेहरा असा झाला की शालूच्या शेजाऱ्यांना वाटलं आमची लॉटरी लागली.

"मूठभर कित्या टाकलंस?" मग मला ओरडलेच. "गाडीचा लगीन होता?"

मला ते ओरडणं फार बरं वाटलं.

म्हाताऱ्याने दिलेला बुचाचा तुकडा डिकीत होता. वर नेला. शालूच्या स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्यावर कव्हर उपडं ठेवून यांनी पेन्सिलीने रेघ काढली. बाहेरची कड मी विळीवर कापली. आतली यांनी दाढीच्या ब्लेडने. भोकं पाडायला शालूच्या मोडक्या छत्रीची नळी उपयोगी पडली. मधून मधून लोक सोनं द्यायला येत होते, आपट्याची पानं घेऊन ओट्यापाशी थबकत होते. शालू सगळ्यांना सांगत होती, "बसा ना, ताईकडे जरा इंजिनचं काम आहे." दोन काकांनी सल्ला दिला. तो कुणी ऐकला नाही. नऊ दिवसांनी माझा उपास सुटला तो श्रीखंडाने, आणि श्रीखंडाला थोडा तेलाचा वास होता.

खाली जाऊन पॅकिंग बसवलं. ह्या वेळी बसवण्याआधी यांनी माझ्याकडे बोट दाखवून शालूला बजावलं, "हिका धरून ठेव."

अंधेरी

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी पासिंगला गेलो. रांग लांब होती, उन्हात टॅक्सी पुढे पुढे सरकत इंजिन चालूच. मी सुकटीची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या बांधून नेल्या होत्या, पण यांनी डबा उघडू दिला नाही.

तेच साहेब. बॉनेट उघडलं. बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. पुन्हा मागच्या कोपऱ्यात फिरवलं. मग वाकून खाली गरम पाइपाकडे पाहिलं.

"कुठल्या गॅरेजमध्ये केलं?"

"घरी, साहेब," हे म्हणाले.

साहेबांनी यांच्याकडे पाहिलं आणि सही केली.

फाटकाबाहेर सावलीला गाडी लावून आम्ही जेवलो. हे चार भाकऱ्या जेवले. मी त्यांच्याकडे बघत होते, तेही मधून मधून माझ्याकडे. बरंच काही बोलायचं होतं. मला वाटलं, आता जाताना सावकाश जाऊ, वाटेत कुठेतरी चांगला चहा घेऊ. सगळा प्रवास दगदगीत गेला, निदान परतीचा तरी सुखाचा होईल.

तेवढ्यात एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन पिशव्या, एक वळकटी. "बोरिवली?"

यांनी मीटरवर बांधलेलं फडकं सोडलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "उतर गो. पॅसेंजर आसा."

मी उतरले. रिकामा डबा माझ्या हातात, वळकटी माझ्या जागेवर. खणकन मीटर पडला आणि टॅक्सी घाटकोपरच्या बरोबर उलट्या दिशेला निघून गेली. यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते रागाचं नव्हतं.

मग बसच्या थांब्याकडे जायच्या आधी मी पदर सावरून जमिनीवर बसले. टॅक्सी जिथे उभी होती ती जागा नीट बघितली. हातानेही चाचपली. पानवाला टपरीतून वाकून बघत होता. "ओ ताई, काय शोधताय?"

"तेल," मी म्हटलं.

"तेल? सापडलं का?"

"नाही!" मी म्हटलं, आणि हात झटकून उठले.